दुपारनंतर सैल होणारे सॉकेट : गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाची क्रमवार तपासणी

मिरजेतील एका कार्यशाळेत कृत्रिम पाय बसवण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करीत आहे. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार एकच आहे : "सकाळी पाय अगदी बरोबर बसतो, पण दुपारचे जेवण झाले की आत हलायला लागतो." जतचा शेतकरी असो, तासगावचा द्राक्षबागायतदार असो किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारा कारकून असो, शब्द थोडेफार बदलतात, तक्रार तीच राहते. आणि जवळपास प्रत्येकाचे निदानही तयार असते : सॉकेट चुकले, नवे करून द्या. सॉकेट म्हणजे पाय कापल्यावर उरलेला भाग, अर्थात स्टंप, ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग. काही वेळा ते खरे असते. बऱ्याच वेळा दोष स्टंपवर घालायच्या मोज्यात, पट्ट्यात, चपलेत किंवा औषधाच्या गोळीत निघतो आणि नव्या सॉकेटचा खर्च वाचतो.

पुढील क्रम गुडघ्याखाली पाय कापलेल्या आणि किमान काही महिने कृत्रिम पाय वापरत असलेल्या व्यक्तींसाठी आहे. गुडघ्याच्या वर पाय कापलेला असल्यास सॉकेटची रचना आणि भार घेण्याची पद्धत निराळी असते, म्हणून ही तपासणी तशीच्या तशी त्यांना लागू करू नये.

लक्षणे

स्टंप आक्रसला असेल, तर तो सॉकेटमध्ये नेहमीपेक्षा खोल जातो. त्यामुळे कृत्रिम पाय आखूड वाटतो आणि त्या बाजूला लचकल्यासारखे चालणे होते. गुडघ्याच्या वाटीची खालची कड दुखते, कारण वाटीखालच्या जाड नसेवर (कंडरेवर, रक्तवाहिनीवर नव्हे) टेकायला हवा असलेला सॉकेटचा उंचवटा आता वाटीलाच लागतो. स्टंपच्या टोकाशी, नडगीचे हाड जेथे संपते तेथे, ठेच लागल्यासारखी वेदना होते. पाऊल टाकताना हवा सुटल्याचा आवाज येतो, पाय उचलताना सॉकेट किंचित खाली घसरते आणि पावलाचा पंजा दिवसाच्या अखेरीस आत किंवा बाहेर वळलेला दिसतो. लायनर म्हणजे स्टंपवर चढवायचे सिलिकॉनचे किंवा जेलचे मऊ अस्तर. काही लायनरच्या टोकाला दात्यांची पिन असते आणि ती सॉकेटच्या तळातील कुलपात अडकते. असे पिनचे लायनर असेल, तर सकाळी पाच-सहा वेळा होणारी 'टकटक' दुपारी आठ-नऊ वेळा होते.

स्टंप सुजला असेल, तर सगळे उलट घडते. पाय पूर्ण आत जात नाही, लांब वाटतो, पिन अडकत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली असलेली हाडाची गोटी घासते, कारण तिच्यासाठी ठेवलेली खोलगट जागा आता तिच्या समोर येत नाही.

तिसरा प्रकार लोक क्वचितच वेगळा सांगतात, पण तो ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. यात सॉकेट वरच्या कडेला घट्ट आणि तळाशी रिकामे असते. स्टंपचे टोक संध्याकाळी लालसर-जांभळे, टणक आणि चकचकीत दिसते. काही महिने असेच चालू राहिले, तर तेथील कातडी जाड आणि चामखिळीसारखी खडबडीत होते व तिच्यातून पाणी सुटू लागते. "सैल वाटते" म्हणून अशा माणसाने मोजे वाढवले की वरची पकड आणखी आवळते आणि तळाची सूज वाढते. नेमका हाच घोळ मी वारंवार निस्तरला आहे.

तपासणीला लागण्याआधी

पुढीलपैकी काहीही दिसले, तर पाय काढून ठेवावा आणि आधी डॉक्टरांना दाखवावे : उघडी जखम किंवा फोड, पू, ताप, स्टंपवर अचानक आलेली गरम व दुखरी सूज, स्टंप थंड किंवा काळानिळा पडणे. सूज येऊन त्याबरोबर धापही लागत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी "दुखत नाही" या गोष्टीवर विसंबू नये, कारण संवेदना कमी झालेल्या कातडीवर जखम होऊनही दुखत नाही. त्यांनी रोज हातात आरसा घेऊन स्टंपची मागची बाजू पाहावी. सॉकेट काढल्यावर दिसणारी लाली साधारण दहा-पंधरा मिनिटांत ओसरली, तर चिंता नाही. त्यानंतरही ती टिकली, तर त्या जागी दाब जास्त पडतो आहे.

लोक आम्हाला डॉक्टर म्हणतात, पण आम्ही डॉक्टर नाही. जखम, रक्तप्रवाह आणि औषधे हा डॉक्टरांचा विषय, तर सॉकेट, पट्टे आणि पावलाची ठेवण हा आमचा. रुग्ण चुकीच्या दारात उभा राहिला, तर आठवडे वाया जातात.

पहिली तपासणी : घड्याळ आणि वही

हिला खर्च नाही आणि हिच्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी नीट अर्थ सांगत नाही. चार दिवस एका वहीत लिहावे : पाय किती वाजता घातला, किती मोजे घातले, सैल किंवा घट्ट किती वाजता वाटला, त्याआधीच्या तासात काय केले आणि मोजा वाढवला किंवा कमी केला तो केव्हा.

हे का करायचे, ते समजण्यासाठी स्टंपच्या आत काय चालते ते पाहावे लागेल. स्टंपमध्ये हाड, स्नायू आणि चरबी यांच्या अवतीभोवती पाण्यासारखा द्रव असतो. पावलावर भार आला की सॉकेटची भिंत या सगळ्याला दाबते आणि तो द्रव शिरांकडे व लसीकावाहिन्यांकडे ढकलला जातो. पाऊल उचलले की कृत्रिम पायाचे वजन खाली ओढू लागते, आतला दाब उतरतो आणि थोडा द्रव परत येतो. दिवसाकाठी हजारो पावले टाकणाऱ्या बहुतेक माणसांत ही देवघेव तोट्यात जाते आणि स्टंप हळूहळू आक्रसतो. काहींच्या बाबतीत, विशेषतः दिवसभर बसून काम असेल किंवा हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तो उलट वाढतो. म्हणजे "दुपारी सैल" हे वाक्य सगळ्यांचे सारखे असले, तरी त्यामागची वही प्रत्येकाची वेगळी असते.

वहीतून तीन आकृती दिसतात. सकाळी ठीक आणि दुपारी सैल असे रोज होत असेल, तर तो रोजचा चढउतार आहे आणि त्यावर बहुधा स्वस्त उपाय पुरतो. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून सकाळपासूनच सैल असेल, तर स्टंप कायमचा बारीक झाला आहे. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात असे होणारच असते, कारण शस्त्रक्रियेची सूज उतरते आणि काम नसलेले स्नायू झडतात. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर ओल्या भोपळ्याला हात लावत नाहीत, तो वाळून स्थिर होईपर्यंत थांबतात. आम्हाला मात्र माणसाला चालते करायचे असल्याने 'ओल्या' स्टंपवरच पहिले सॉकेट करावे लागते, म्हणून ते लवकर सैल होते आणि त्यात कोणाचीच चूक नसते. तिसरी आकृती विशिष्ट दिवशीच बिघडण्याची आहे, आणि तिचे उत्तर सॉकेटमध्ये शोधू नये.

जत तालुक्यातील एका शेतकरी काकांची वही मला अजून आठवते. सोमवारी आणि गुरुवारी "पाय आत जात नाही", मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी "पाय निसटतो" असे त्यांनी लिहिले होते. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, त्यांचे डायलिसिस असे. ते त्यांनी मला सांगितले नव्हते, कारण पायाशी त्याचा संबंध असेल असे त्यांना वाटले नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते. तोवर मी त्यांच्या सॉकेटमध्ये दोनदा पॅड लावून दोनदा काढला होता.

दुसरी तपासणी : घालण्याची पद्धत आणि चप्पल

शीथ म्हणून मिळणाऱ्या नायलॉनच्या पातळ मोज्याला सुरकुती आहे का, मोज्याची शिवण हाडावर येते का, लायनर घालताना टोकाशी हवा अडकली का, हे पाहावे. लायनर पूर्ण उलटा करून, त्याचा तळ स्टंपच्या टोकाला टेकवून मग वर गुंडाळत न्यावा लागतो. टोकाशी हवेची पोकळी राहिली, तर प्रत्येक पावलाला ती जागा कातडी ओढते. सिलिकॉनचे किंवा जेलचे लायनर वापरणाऱ्यांनी मोजे लायनरच्या वरून घालायचे असतात, आतून नव्हे. आतून मोजा घातल्यास लायनरची कातडीवरची पकडच सुटते. ही चूक मी वर्षातून निदान पाच-सहा वेळा पाहतो.

चपलेकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. कृत्रिम पावलाची ठेवण एका ठरावीक टाचेच्या उंचीसाठी जुळवलेली असते. लग्नसराईत सपाट चपलेऐवजी उंच टाचेचा बूट घातला, तर नडगी पुढे झुकते, गुडघा पुढे ढकलला जातो आणि सॉकेटमधील दाब नेहमीच्या जागांवरून सरकतो. माणसाला ते सॉकेट सैल किंवा बोचरे झाल्यासारखे वाटते. म्हणून पुढे जाण्यापूर्वी, पाय जुळवताना जी चप्पल होती ती घालून एक दिवस चालून पाहावे.

तिसरी तपासणी : मोजे

मोज्यांची जाडी 'प्लाय'मध्ये सांगतात आणि एक, तीन, पाच, सहा अशा जाडीचे मोजे मिळतात. सैल वाटल्यावर एका वेळी एकाच पायरीने जाडी वाढवावी आणि पन्नास-साठ पावले चालून पाहावे. बरोबर झाल्याची खूण अशी की वाटीच्या कडेचे दुखणे थांबते आणि टोकावरची ठेच कमी होते. मोजे जास्त झाल्याची खूण म्हणजे पाय लांब वाटणे, वाटीखालचा दाब नडगीच्या वरच्या उंचवट्यावर येणे आणि बाहेरची गोटी घासणे. या दोन्ही खुणा पाठ असल्या, तर माणूस घरच्या घरी अर्धी लढाई जिंकतो.

प्लायचा आकडा हा अंदाज आहे, माप नव्हे. दोन कंपन्यांच्या तीन प्लायच्या मोज्यांची जाडी सारखी असेलच असे नाही. घाम शोषून, धुऊन आणि दाबला जाऊन जुना मोजा पातळ पडतो, तर चुकीच्या पाण्यात धुतलेला लोकरी मोजा आक्रसून कडक होतो. म्हणून "मी रोज तीनच घालतो" याला तेव्हाच अर्थ आहे, जेव्हा मोजा तोच आणि त्याच अवस्थेतला असतो. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडील लोकांनी मोजा दुपारी बदलण्यासाठी दुसरा सुका जोड जवळ ठेवावा, कारण भिजलेल्या मोज्यात कातडी मऊ पडून सोलवटते.

सगळे मिळून मोजे दहा-पंधरा प्लायच्या घरात गेले, तर तेथे थांबावे. इतके जाड अस्तर घातले की सॉकेटला दिलेला आकार, म्हणजे नडगीच्या दोन्ही बाजूंचे दाब आणि हाडांसाठी ठेवलेल्या खोलगट जागा, मोज्यांखाली पुसट होतो आणि स्टंप एका गोल नळीत उभा असल्यासारखा होतो. अशा वेळी आणखी मोजे मागायला येण्याऐवजी सॉकेट तपासायला यावे. पिनचे लायनर असल्यास मोज्याच्या टोकाचे भोक पिनच्या भोवती नीट बसले आहे का, हे रोज पाहावे. मोज्याचा धागा कुलपात अडकला, तर पाय काढताच येत नाही आणि मग रात्री नऊ वाजता फोन येतात.

चौथी तपासणी : कणकेची गोळी

तळाशी संपर्क आहे की नाही, हे सांगणारी याहून स्वस्त चाचणी मला ठाऊक नाही. घट्ट मळलेल्या कणकेची छोटी गोळी प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून सॉकेटच्या तळाशी ठेवावी, नेहमीचे मोजे घालून पाय आत घालावा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन काही क्षण उभे राहावे आणि पाय काढून गोळी पाहावी. गोळी होती तशीच राहिली, तर स्टंपचे टोक तळाला टेकत नाही. गोळी पापडासारखी चपटी झाली, तर टोकावर भार जास्त येतो. ती अर्धीमुर्धी दबून टोकाचा ठसा उमटला, तर तळाशी जसा हलका आधार हवा तसा तो आहे. पिनच्या सॉकेटमध्ये ही चाचणी घरी करू नये, कणीक कुलपात जाते.

या चाचणीचे महत्त्व मी वर सांगितलेल्या तिसऱ्या लक्षणात आहे. टोकाला आधार नसला आणि वरून पकड घट्ट असली, तर द्रव तळाशी साठत जातो, कारण त्याला परत वर ढकलणारा दाब तेथे नसतो. एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपपासून केलेल्या काही सॉकेटांचा तळ मोकळाच असतो. ती हलकी, स्वस्त आणि शेतात चिखलपाणी सहन करणारी असतात, पण त्यांत टोकाची सूज दिसू लागली, तर तळाशी मऊ ठोकळा बसवून घेणे आवश्यक असते. हे काम कार्यशाळेतच करून घ्यावे. घरी कापसाचे किंवा चिंध्यांचे बोळके भरणारे लोक मी पाहिले आहेत. ते बोळके एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या दिवशी फोड घेऊन माणूस येतो.

पाचवी तपासणी : दुपारी पाय काढून ठेवणे

दिवसातून एकदा, शक्यतो सैल वाटू लागण्याच्या आधी, सॉकेट आणि लायनर दोन्ही काढून अर्धा तास बसावे. सॉकेटचा दाब निघाला की ऊतींत द्रव परत येतो आणि पुन्हा पाय घातल्यावर काही तास स्टंपचे आकारमान टिकते. केवळ पट्टा सैल करून पाय तसाच ठेवण्यात तेवढा फायदा नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स यांच्या गटाने स्टंपमधून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून त्यातील द्रवाचे दिवसभर मापन केले आहे. पाय काढून ठेवल्याने गेलेला द्रव भरून येतो, हे त्यांच्या मोजमापांतून दिसले आहे. आपल्याकडे जेवणानंतर घटकाभर टेकण्याची सवय आहेच, तेव्हा त्या वेळी पायही काढावा.

मात्र त्या वेळी मांडी घालून, गुडघा पूर्ण दुमडून बसू नये. सांगलीहून पुण्याला एसटीने जाताना चार-पाच तास गुडघा वाकवून बसलेल्या माणसाला उतरताना पाय घट्ट का वाटतो, त्याचेही कारण असेच आहे : गुडघा वाकलेला असतो, शिवाय सॉकेटची मागची कड गुडघ्याच्या खोबणीत दाबते आणि वर जाणाऱ्या शिरांचा रस्ता आवळला जातो.

ज्यांचा पाय कापून वर्ष झालेले नाही, त्यांनी कृत्रिम पाय काढल्यावर रात्रीसाठी श्रिंकर (स्टंप आवळून धरणारा लवचिक मोजा) किंवा क्रेप बँडेज वापरावे. बँडेज टोकाशी घट्ट आणि वर सैल असे, तिरक्या वेढ्यांनी बांधायचे असते. आडवे गोल वेढे दोरीसारखे काम करतात आणि खालचा भाग फुगवतात. बांधणे एकदा समोर बसून शिकून घ्यावे, लेख वाचून ते जमत नाही.

सहावी तपासणी : शरीराचा हिशेब

दोन-चार किलो वजन वाढले वा घटले तरी सॉकेटला ते कळते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, रक्तदाबाचे औषध बदलले, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास वाढला, तर स्टंपच्या आकारात आधी फरक पडतो. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी पाय घट्ट होण्याचा अनुभव अनेकांनी मला सांगितला आहे. पायासाठी म्हणून गोळ्या स्वतः बंद करणे किंवा पाणी कमी पिणे पूर्ण चुकीचे आहे. औषध डॉक्टर ठरवतील, आम्ही मोजे त्यानुसार ठरवू. डायलिसिस असलेल्यांचे सॉकेट मोजे वाढवता-घटवता येतील एवढी जागा ठेवूनच करावे लागते, हे त्या काकांमुळे मी शिकलो.

सातवी तपासणी : पाय धरून ठेवणारी यंत्रणा

पट्टा, रबरी स्लीव्ह (सॉकेट आणि मांडीवर चढवायची ताणली जाणारी नळी), पिन यांपैकी जे काही पाय वर धरून ठेवते, ते थकले की माणूस दोष सॉकेटला देतो. पट्ट्याचे इलॅस्टिक ओढून सोडल्यावर लगेच पूर्ववत होते का, पाहावे. स्लीव्हला बारीक भोक आहे का, हे उजेडात ताणून पाहावे. बाभळीच्या काट्याने पडलेले भोक न ताणता डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून हवा जाते. पिनचे दाते झिजले आहेत का, हे नखाने कळते.

हा भाग स्वस्त असला तरी त्याचा परिणाम केवळ पाय घसरण्यापुरता नाही. पाऊल हवेत असताना पकड चांगली असेल, तर स्टंपभोवती सौम्य ओढ निर्माण होते आणि चालताना गेलेला द्रव काही प्रमाणात परत येतो. पकड ढिली असेल, तर ही परतफेड थांबते आणि स्टंप अधिक लवकर आक्रसतो. आक्रसल्यामुळे सॉकेट आणखी वरखाली होते आणि सैलपणातून सैलपणा वाढत जातो. नुसता पट्टा बदलल्यावर दोन मोजे कमी लागल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. पिनच्या बाबतीत एक अडचण अशी की पाऊल उचलताना पिन स्टंपचे टोकच खाली ओढते. त्यामुळे टोकाशी काळसरपणा आणि ताण दिसत असल्यास पकडीचा प्रकार बदलण्याबद्दल विचारावे.

येथपर्यंतचे सर्व घरी करता येते. यापुढचे करू नये. एचडीपीईचे सॉकेट गॅसवर गरम करून दाबणे, काचपेपरने आतून घासणे, चिकटपट्टीने फोम चिकटवणे यांतून वाचलेले पैसे मी कधी पाहिलेले नाहीत.

आठवी तपासणी : कार्यशाळेतील पॅड

स्टंप कायमचा थोडा बारीक झाला असेल आणि कातडी शाबूत असेल, तर आम्ही आत चामड्याचे किंवा ईव्हीए फोमचे पॅड लावतो. ते कोठे लावायचे, यावर सगळे अवलंबून असते. भार सहन करणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत : वाटीखालची जाड नस, नडगीच्या आतल्या बाजूचा सपाट भाग, नडगीच्या बाहेरील बाजूचा मांसल भाग आणि पोटरी. नडगीची धार, तिचे टोक आणि बाहेरची गोटी यांच्यासमोर पॅड लावणे म्हणजे फोड मागवणे होय. पॅड लावल्यानंतर मोजे पुन्हा शून्यापासून मोजावे आणि दोन दिवसांनी दाखवायला यावे, कारण पहिल्या तासातले समाधान फसवे असते.

नववी आणि सर्वांत महाग : सॉकेटची रचना

वरच्या सगळ्यातून गेल्यावरही रोज दोन-तीन वेळा मोजे बदलावे लागत असतील, तर प्रश्न सॉकेटच्या रचनेचा असू शकतो. एकाच मापाची दोन सॉकेटे स्टंपला दोन वेगळ्या रीतीने वागवतात, हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते.

आपल्याकडे अजूनही सर्वाधिक दिसणारी रचना पीटीबी (पटेलर टेंडन बेअरिंग, म्हणजे वाटीखालच्या नसेवर भार घेणारी) ही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित झाली. तिच्यात वाटीखालची नस आणि इतर ठरलेल्या जागांवर जास्त दाब दिला जातो, नाजूक जागा मोकळ्या ठेवल्या जातात. तत्त्व उत्तम आहे, पण दाब थोड्या जागांवर एकवटलेला असल्याने तेथील द्रव जास्त पिळला जातो. स्टंप थोडा आक्रसून खोल गेला की ठरलेल्या जागा हुकतात आणि दाब हाडावर येतो. म्हणजे या रचनेला स्टंपचा आकार बदललेला फारसा चालत नाही.

टीएसबी (टोटल सरफेस बेअरिंग) या दुसऱ्या रचनेत दाब सबंध पृष्ठभागावर शक्य तितका सारखा वाटला जातो आणि त्यासाठी जेलचे वा सिलिकॉनचे लायनर लागते. आइसलंडच्या ओसुर क्रिस्टिन्सन यांनी १९८० च्या दशकात सिलिकॉनचे गुंडाळून घालायचे लायनर प्रचारात आणल्यानंतर ही पद्धत पसरली. सगळीकडे संपर्क असल्याने तळाशी पोकळी राहत नाही आणि पकडही चांगली मिळते. पण लायनर महाग असते, ते झिजते, रोज धुवावे लागते आणि उसाच्या फडात भर उन्हात त्यात घाम साचतो. पाच एकर ऊस स्वतः पाजणाऱ्या माणसाला लायनर सुचवण्यापूर्वी मी त्याच्या घरी पाण्याची आणि सावलीची काय सोय आहे ते विचारतो.

तिसरी पद्धत पंपाने आतली हवा काढून घेणाऱ्या व्हॅक्यूम सॉकेटची आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थोड्या व्यक्तींना अर्धा तास चालवून मापे घेतली होती. साध्या सक्शन सॉकेटमध्ये, म्हणजे पंप नसलेल्या आणि झडपेतून हवा बाहेर सोडणाऱ्या सॉकेटमध्ये, स्टंपचे आकारमान सरासरी ६.५ टक्क्यांनी घटले, व्हॅक्यूममध्ये ते ३.७ टक्क्यांनी वाढले. हे आकडे सॉकेटविक्रेते फार आवडीने सांगतात. नंतरच्या मोजमापांत मात्र परिणाम व्यक्तीगणिक वेगवेगळा आढळला आहे, आणि स्लीव्हला एक भोक पडले की पूर्ण यंत्रणा निरुपयोगी होते. घरापासून दुरुस्तीचे ठिकाण दूर असेल, तर मी ती सुचवत नाही.

नवे सॉकेट केव्हा करावे? मोजे दहा-पंधरा प्लायवर गेले, पॅड लावूनही दुखणे परत आले, तळाची सूज ठोकळ्याने उतरली नाही किंवा स्टंपचा आकारच बदलला, तर करावे. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षात एकदा ते करावे लागेल, असे धरूनच पैशांची तरतूद ठेवावी. काम करणारा प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव करून बसवणारा) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. गुंतागुंतीचा स्टंप असेल, म्हणजे फार आखूड, भाजलेल्या कातडीचा किंवा हाड वाढलेला, तर मीही तो मोठ्या केंद्राकडे पाठवतो. मुंबईला हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत शल्यचिकित्सक आणि प्रोस्थेटिस्ट एकाच छताखाली स्टंप पाहतात. टोकाचे हाड टोचत असेल, तर कोणतेही सॉकेट पुरत नाही, शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधने देणाऱ्या ॲडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत साहाय्य मिळते, त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

मापासाठी येताना वही आणावी, ती मी सर्वांत आधी वाचतो. नेहमीची चप्पल, सध्याचे सगळे मोजे आणि चालू औषधांची चिठ्ठी आणावी. आदल्या दिवशी पाय नेहमीसारखाच वापरावा, विश्रांती घेऊन येऊ नये, कारण विश्रांती घेतलेल्या स्टंपवर घेतलेला प्लास्टरचा साचा प्रत्यक्षापेक्षा मोठा निघतो. शक्य असल्यास माप सकाळी अकराच्या सुमारास द्यावे, पाय दोन-तीन तास चालून झालेला असतो आणि दुपारची घट अजून पूर्ण व्हायची असते. डायलिसिस असलेल्यांनी दिवस ठरवण्यापूर्वी फोन करून विचारावे.